गंगव्वाची तब्येत

आमच्या फॉर्मात नववा प्रश्न असा आहे: 'तुम्हाला स्वतःची तब्येत कशी वाटते?' त्यापुढे पाच चौकोन. फार चांगली, चांगली, ठीक, वाईट, फार वाईट. साठीच्या पुढच्या प्रत्येक माणसाला हे विचारायचं आणि एका चौकोनात खूण करायची. कंधार तालुक्यात बदली होऊन मला आता दुसरं वर्ष लागलंय आणि आठवड्यातून दोन-तीनदा तरी मी म्हाताऱ्या माणसांपुढे हा फॉर्म घेऊन बसते. बाकीचे प्रश्न झरझर होतात. नवव्याला आले की माझं पेन अडतं. मग उगीच खुर्ची सरकव, पंखा बघ, बाहेर कोण आलंय ते डोकावून बघ, असं काहीतरी करत राहते. आमची आशाताई एकदा म्हणालीसुद्धा, "म्याडम, नवव्या प्रश्नाला तुमास्नी काय होतंय?" तिला मी काही सांगितलं नाही, पण मला तिथे दर वेळी गंगव्वा आठवते.

गंगव्वा कासारीण. कंधारला येण्याआधी आठ वर्षं मी उदगीरपासून चौदा किलोमीटरवरच्या एका गावात उपकेंद्राची नर्स होते, तिथली ही. उंच, हाडापेरानं मोठी, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी आणि डोक्यावर बांगड्यांचं गाठोडं. वय विचारलं तर म्हणायची, "साठ लिव्ह की सत्तर लिव्ह, तुला जे बरं दिसंल ते." घरी नवरा मल्लप्पा, तो कंबरेतून गेलेला, दिवसभर बाजेवर बसून तंबाखू मळायचा. एकुलता एक मुलगा हैदराबादला कामाला होता. गंगव्वाची पाच गावांची फेरी ठरलेली होती आणि ती सगळी पायी. रस्त्यात एसटी थांबली तरी चढायची नाही. बसमध्ये बसलं की वाटेतल्या वस्त्या चुकतात, आणि वस्तीवरच्या बायका कासारणीची वाट बघत असतात, असं तिचं म्हणणं. तिला शांत उभं राहणं ठाऊक नव्हतं. माझ्याशी बोलतानासुद्धा एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर.

बांगड्या भरणं बघायला सोपं वाटतं. गंगव्वा बाईचा हात मांडीवर घ्यायची, अंगठा तळव्यात दुमडायची, बोटांच्या मुळाशी हाडं दाबत दाबत बांगडी सरकवायची आणि तेवढ्या वेळात त्या बाईची कुंडली मांडून मोकळी व्हायची. कोण अर्धपोटी आहे, कुणाला दिवस गेलेत, कुणाच्या अंगात ताप मुरलाय. "तोंड लबाड असतंय नर्सबाई, मनगट न्हाई," म्हणायची. माझ्या स्वतःच्या हातावरून तिनं एकदा मला भर ओसरीत झापलं होतं. "संक्रांतीला दोन-सहाच्या मापाची भरली व्हती तुला. आता बारकी दोन-चारबी ढिली व्हायलीय. डबा आणतीस का नुसता डब्बा मिरवतीस?" त्या महिन्यात खरंच माझं जेवणखाण सुटलं होतं आणि घरीसुद्धा ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

एकदा भर दुपारी ती मनीषा नावाच्या एका सुनेला दंडाला धरून माझ्याकडे घेऊन आली. मागून सासू कुरकुरत येत होती. मनीषाला आठवा महिना लागलेला. गंगव्वानं तिचा हात माझ्यापुढे धरला. "ह्या बांगड्या मीच भरल्यात. पंधरा दिस झाले. तवा मनगटावर फिरत व्हत्या, आता बग." बांगड्या कातड्यात रुतल्या होत्या. सासू म्हणाली, "पोटुशी बाई अंगानं भरतेच की." गंगव्वा तिच्यावर खेकसली, "अंग भरायला महिने लागतात माय, सूज पंधरा दिसांत येती." मी रक्तदाब बघितला, तर तो भलताच चढलेला. गाडी बोलावून तिला तडक उदगीरला पाठवलं. बाई वाचली, बाळही वाचलं. बारशाला गंगव्वाला लुगडं मिळालं आणि मला एक पेढा मिळाला. वाटणी अगदी बरोबर होती.

अशी ही बाई, आणि स्वतःच्या बाबतीत मात्र डोळ्याला पट्टी.

हा नववा प्रश्न पहिल्यांदा आला तेव्हा मी तो तिला विचारला. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत उत्तर आलं. "बरी हाय. मला काय धाड भरलीय?"

"नीट विचार करून सांगा, गंगव्वा."

"इचार कशाचा? पाच गावं चालते. माझं गाठोडं मी उचलते, कुणाला हात लावू देत न्हाई. दोन भाकरी पचतात. ह्यात वाईट कुठं हाय ते तू दाखव, मी आंगठा करते."

"आणि मल्लप्पा?"

"मालक बिमार हायेत. बसून हायेत की ते."

तिच्या लेखी आजारपणाची एकच खूण होती, माणूस बसला की आजारी. जो उभा आहे, चालतोय, तो बरा. गावातल्या बहुतेक म्हाताऱ्यांचं हेच गणित होतं. छातीत खोकला घरघरत असलेला सालगडी बैलामागे चालतोय ना, मग तो बरा. डोळ्यांत फूल पडलेली म्हातारी चाचपडत का होईना भाकरी थापते ना, मग ती बरी. मला तेव्हा हे अडाणीपण वाटायचं आणि मी ते चेहऱ्यावर दाखवायचेही. आता तसं म्हणायला जीभ रेटत नाही. बसायचं म्हटलं तर बसल्या जागी आणून कोण घालणार, याचं उत्तर माझ्या फॉर्मात कुठेच नव्हतं.

त्याच दिवशी मी रक्त तपासायला तिच्या बोटाला सुई टोचली. मशीनवरचा आकडा बघून मी खुर्चीवरून उठले. "गंगव्वा, तुम्हाला साखर आहे. पुष्कळ आहे."

ती खो-खो हसली. "मी तर गुळाचा च्या पिते."

"हसू नका."

"ही पगारवाल्यांची दुखणी, नर्सबाई. बसून खाणाऱ्याला व्हतात. मी कवा बसले?"

तरी मी हट्टानं तिला उदगीरच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. दर महिन्याला ती गोळ्या घेऊन जायची, रिकामी पाकिटं आणून दाखवायची. मी खूश. आपलं कुणीतरी ऐकतंय याची नर्सला फार भूक असते.

तीन-चार महिन्यांनी एका सकाळी चार माणसं मल्लप्पाला बाजेवर घालून घेऊन आली. घामानं निथळत होता, जीभ जड झालेली, बायकोला ओळखेना. मी त्याची साखर बघितली तर ती तळाला गेलेली. त्याला कधी मधुमेह नव्हता, मग हे कशानं? नशीब गिळता येत होतं. साखरेचं पाणी चमच्या-चमच्यानं पाजलं. अर्ध्या तासानं त्यानं डोळे नीट उघडले आणि तंबाखूची चंची मागितली.

मग उलगडा झाला. गंगव्वा रोज गोळीचे दोन तुकडे करत होती. एक आपल्याला, एक नवऱ्याला.

"अहो, त्यांना साखर नाही!" मी ओरडले.

"तेंच्या पायात ताकद न्हाई म्हणून दिली. भाकर असू की च्या असू, चाळीस वर्षं आमी अर्धं-अर्धंच केलंय. औषिद एकटीनं कसं खावं?"

आणि त्या दिवशी तर मल्लप्पा आदल्या रात्रीपासून जेवला नव्हता, आणि हिनं आपला अर्धा तुकडाही त्यालाच दिला होता, कारण हिला 'बरं वाटत होतं'. मी आणखी ओरडले. काय काय बोलले ते आता आठवलं की कान गरम होतात. तिनं मुकाट्यानं कमरेच्या पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढून माझ्या टेबलावर ठेवलं. "बसल्या माणसाला आडवं करती ती गोळी मला नको. मी आडवी झाले तर फेरी कोण करील?" त्यानंतर तिनं गोळीला हात लावला नाही. मी विनवलं, मल्लप्पाकडून वदवलं, गावातल्या जंगम स्वामींना मध्ये घातलं. "गाव येडं, नर्सबाई शानी," एवढं म्हणून ती चालायला लागायची.

पुढच्या दोन वर्षांत मी तिच्या हातांकडे बघत राहिले. तिच्या स्वतःच्या बांगड्या नेहमी हिरव्या, दोन्ही हातांत डझनभर. आधी त्या दोन-आठच्या होत्या. मग दोन-सहाच्या झाल्या. मग दोन-चारच्या. पाच गावांची मनगटं ओळखणाऱ्या बाईनं स्वतःचं माप दोनदा उतरवलं आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही. मी एकदा म्हटलं, "गंगव्वा, हात उतरलाय तुमचा." तिनं पदर हातावर ओढला. "हलका झालाय. कामाला बरा पडतोय."

मग त्या हिवाळ्यात एकदा उपकेंद्राच्या पांढऱ्या फरशीवर मला तांबडे ठसे दिसले. दारापासून थेट बाकापर्यंत. बाकावर गंगव्वा बसली होती, गप्पा मारत. मी तिचा पाय उचलून बघितला. उजव्या तळव्यात बांगडीच्या काचेचा नखाएवढा तुकडा रुतला होता आणि भोवतालची जखम निदान तीन दिवसांची असावी. मी चिमट्यानं काच ओढली तेव्हा माझ्या तोंडून 'स्स' निघालं. ती मात्र शेजारणीचा पाय बघावा तशी बघत होती.

"दुखलं नाही?"

"न्हाई की. लोखंडाचा पाय हाय माझा," ती म्हणाली. चांगली अभिमानानं म्हणाली.

मी तिला परोपरीनं समजावलं. साखरेनं पायाची जाणीव जाते. दुखत नाही, हाच तुमचा आजार आहे. आज ना उद्या हा पाय सडेल. पण ज्या बाईनं जन्मभर दुखलं तर आजार आणि नाही दुखलं तर बरं, असंच धरलं, तिला मी अगदी उलटं सांगत होते. "दुखत न्हाई म्हणून दवाखान्यात जाऊ? लोक हसतील माय," ती म्हणाली. मी उद्याच उदगीरला चला म्हणून हटून बसले, तेव्हा ती खालच्या आवाजात बोलली. "लगीनसराई लागलीय. पाच पोरींचे चुडे ठरलेत. तेवढं व्हऊ दे. आन हे कुणापाशी बोलू नको. बिमार कासारणीकडनं नवरीचा चुडा कोण भरील?"

खरी मेख तिथं होती. गंगव्वाच्या हाताला गुण आहे, असं त्या पाच गावांत मानत. तिनं चुडा भरला की पोर सासरी सुखानं नांदते म्हणत. त्यासाठी लोक तिला विचारूनच चुड्याचा दिवस धरायचे. आणि हातगुण असतो तो धडधाकट माणसाचा. पाय सडत चाललेल्या कासारणीला मांडवात कोण बसू देईल? तिनं तब्येत वाईट म्हटलं असतं, तर तिचं कामच गेलं असतं. हे मला फार उशिरा कळलं.

रोज पट्टी बदलायला या म्हणून बजावलं होतं, पण आठ दिवस झाले तरी तिचा पत्ता नाही. मग मी स्कूटी काढली. एका गावात गेले, "आत्ताच गेली की." दुसऱ्या गावात गेले, "पारापाशी व्हती, बघा." पारावर कुणी नाही. एका पायानं अधू झालेली म्हातारी माझ्या स्कूटीच्या पुढं पुढं पळत होती. दोन दिवस मी नुसती धूळ खात फिरले. संतापानं मला रडू यायचं आणि रडू आलं म्हणून आणखी संताप यायचा.

तिसऱ्या दिवशी ती एका मांडवात सापडली. मधोमध बसून नवरीला चुडा भरत होती. उजवा पाय लुगड्याखाली दुमडून घेतलेला. लुगड्याच्या काठाखालून प्लास्टिकच्या पिशवीचं टोक दिसत होतं, म्हणजे पाय फडक्यात गुंडाळून पिशवीत घातलेला असणार. मांडवात उदबत्त्या होत्या, शेवंतीचे हार होते, पलीकडे बुंदी पडत होती, आणि त्या सगळ्याच्या खाली तो वास होता. नर्सच्या नाकाला तो सांगावा लागत नाही. गंगव्वानं मान वर केली आणि मला बघितलं. तिच्या डोळ्यांत मी कधी भीती बघितली नव्हती, ती तेव्हा बघितली.

नवरीची आई लगबगीनं आली. "या की नर्सबाई, तुमीबी बांगड्या भरून घ्या."

मी एक वाक्य बोलले असते तरी पुरलं असतं. ही बाई आजारी आहे, हिला आत्ता न्यायचंय. मी बोलले नाही. मी खाली बसले आणि हात पुढं केला. गंगव्वानं माझ्या हातात चार हिरव्या बांगड्या भरल्या. तिचे हात तापानं भाजत होते. अंगठा दुमडता दुमडता ती ओठ न हलवता म्हणाली, "उद्या एक चुडा हाय. परवा येते. लिंगाची आण." मी "बरं" म्हणाले.

का म्हणाले? आजपर्यंत मी स्वतःला हे शंभरदा विचारलंय. तिची लाज राखली म्हणावं, तर पाय गेला. आणि तिला सगळ्यांदेखत उठवून नेलं असतं तर पाय कदाचित राहिला असता, पण तिनं जन्मभर माझं तोंड बघितलं नसतं.

परवा ती आली नाही, तिला आणावं लागलं. तापानं बरळत होती. उदगीरहून तिला लातूरच्या मोठ्या दवाखान्यात हलवलं. डॉक्टर म्हणाले, पाऊल निम्मं काढावं लागेल. मी विचारलं, "दोन दिवस आधी आणलं असतं तर?" ते म्हणाले, "सांगता येत नाही." स्पष्ट 'हो' म्हणाले असते तरी मी सोसलं असतं. हे 'सांगता येत नाही' मला आजही एका जागी बसू देत नाही.

ताप उतरून शुद्धीवर आल्यावर पाय कापायच्या कागदावर गंगव्वानं लगेच अंगठा केला. भांडण झालं ते बांगड्यांवरून. ऑपरेशनच्या आधी हात मोकळे करा म्हटल्यावर ती उसळली. "पाय घ्या माझा, बांगड्या न्हाई देत. मालक जित्ते हायेत माझे!" सगळा वॉर्ड गोळा झाला. शेवटी साबण लावून मीच त्या एक-एक काढल्या, रुमालात बांधल्या आणि परत माझ्याच हातानं भरीन असं वचन दिलं.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी मी रुमाल घेऊन लातूरला गेले. तीच आमची शेवटची भेट. पुढच्याच आठवड्यात माझ्या बदलीचा कागद आला आणि तिला नि मल्लप्पाला मुलगा हैदराबादला घेऊन गेल्याचं मला मागाहून कळलं. त्या दिवशी ती उशाला टेकून बसली होती. हात चादरीखाली लपवले होते.

"भर," ती म्हणाली.

"सलाईननं हात सुजलेत. दोन दिवस जाऊ द्या."

"रित्या हातानं मला झोप न्हाई माय. भर."

मी तिचा उजवा हात मांडीवर घेतला. अंगठा दुमडला, हाडं दाबली, बांगडी सरकवायला लागले. मला कुठलं जमतंय? निम्म्यावर गेली आणि अडकली. मी जोर केला.

"अगं माय! दुखतंय!"

आठ वर्षांत हा शब्द मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. मी हात तिथल्या तिथं सोडून दिला. "कुठं दुखतंय, गंगव्वा?"

बोटांची मुळं दाखवील असं मला वाटलं होतं. तिनं चादरीखालून दुसराही हात बाहेर काढला. मग म्हणाली, "गुडघे."

मी तिचा हात पुन्हा हातात घेतला.

"कंबर. मान तर गाठोड्यानं पार गेलीय."

"कधीपासून?"

"पोरगं झालं तवापासून." मुलगा चाळिशीचा होता. "ह्या कुशीवर निजता येत न्हाई. लघवीला आग व्हती. सांजच्याला समदं धुरकट दिसतंय, रंग कळत न्हाईत, बांगड्या हातानं चाचपून वळखते." ती बोलत होती, मध्येच दम घेत होती, पुन्हा बोलत होती. इतक्या वर्षांत मी तिला तब्येत विचारली होती ती दर वेळी पेन हातात धरून. त्या दिवशी माझ्या हातात फक्त तिचा हात होता. मला रडू आवरेना आणि मी ते आवरलंही नाही.

शेजारच्या खाटेवरची म्हातारी कुशीवर वळली. "माझ्याबी गुडघ्याचं असंच हाय," ती म्हणाली. गंगव्वानं माझ्या हातातून हात सोडवून घेतला आणि तिच्याकडे तोंड केलं. "तुझं कवापासून?"

भेटायची वेळ संपली म्हणून वॉचमन टाळ्या वाजवत आला. मी बाकीच्या बांगड्या रुमालासकट तिच्या उशाशी ठेवल्या आणि उठले. तिचं लक्षच नव्हतं. दारातून वळून बघितलं तर दोन्ही म्हाताऱ्या डोकं जवळ करून बोलत होत्या. गंगव्वा आपली दुखणी बोटांवर मोजून सांगत होती. एक हात संपला होता आणि तिनं दुसरा पुढं घेतला होता.